महाशीर ओळखताना आधी माप, मग रंग

कृष्णेच्या खोऱ्यातला खडस, नर्मदेतला टोर टोर, हिमालयातल्या नद्यांमधला सोनेरी महाशीर आणि कावेरीतला वशिंडाचा महाशीर हे चार वेगळे मासे आहेत. आपण मात्र चौघांनाही सरसकट महाशीर म्हणतो. चौघांचे खवले मोठे, ओठ मांसल, तोंडाला चार मिशा, अंग लांबट आणि ताकद अफाट. मोबाइलवर आलेल्या फोटोत ते बहुतेक वेळा सारखेच दिसतात. कुणीतरी फोटोखाली जातीचं नाव लिहितो आणि बाकीचे माना डोलावतात. हे नाव बहुधा रंगावरून ठरवलेलं असतं आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

हा घोटाळा कागदावरचा नाही. कावेरीत काय झालं ते पाहिलं की त्याची किंमत कळते. 1946 मध्ये कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत गळाला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर लागला होता. जगभरच्या गळकऱ्यांमध्ये कावेरीचं नाव झालं ते अशा वशिंडाच्या माशांमुळे. पण या माशाचं शास्त्रीय नाव काय, हे कित्येक वर्षं कुणी नीट ठरवलंच नव्हतं. सगळे महाशीर एकच, या समजातून 1970 च्या दशकापासून लोणावळ्याच्या बीजकेंद्रातली खडसाची पिल्लं कावेरीत सोडली गेली. खडस तिथे छान रुजला. पुढे गळकऱ्यांच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा निळसर परांचे मासे, म्हणजे खडस, वाढत गेलेले आणि वशिंडाचे मासे घटत गेलेले दिसले. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनीही त्या माशाचं नुकसान केलं, दोष एकट्या खडसाचा नाही. पण नदीत ‘महाशीर वाढले’ असा समाधानाचा आकडा दिसत असताना त्या नदीचा स्वतःचा महाशीर संपत चालला होता, आणि दोघांना वेगळं मोजलं जात नसल्यामुळे ते कळायला उशीर झाला. 2018 मध्ये कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत सापडलेल्या माशांवरून हा वशिंडाचा महाशीर टोर रेमादेवी असल्याचं निश्चित झालं. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत घातलं.

म्हणून ओळख पायरीपायरीने करायची. पहिल्या पायरीवर विचारायचं, हा महाशीर तरी आहे का?

बाजारात किंवा धरणावर मोठ्या खवल्यांचा कुठलाही मासा महाशीर म्हणून खपवला जातो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पार्श्वरेषेवरच्या खवल्यांची संख्या. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ जाते, ती पार्श्वरेषा. तिच्यावरचे छिद्र असलेले खवले मोजायचे. सुरुवात कल्ल्याच्या झाकणामागच्या पहिल्या पूर्ण खवल्यापासून आणि शेवट शेपटीच्या बुडाशी. शेपूट हलकेच एका बाजूला वाकवली की बुडाशी घडी पडते, ती घडी म्हणजे मोजणीची हद्द. त्यापुढे शेपटीच्या परावर चढलेले एकदोन खवले वेगळे लिहायचे, उदाहरणार्थ ‘25 + 2’. बरेच जण ते मुख्य आकड्यात मिसळतात आणि मग दोन माणसांच्या मोजणीत फरक येतो. मध्ये एखादा खवला गळून पुन्हा आलेला असला तर तो वेड्यावाकड्या आकाराचा असतो. अशा वेळी माशाची दुसरी कूसही मोजून घ्यावी.

महाशीरात हा आकडा साधारण 22 ते 28 मध्ये बसतो. रोहूत तो 40 च्या पुढे जातो. कृष्णा खोऱ्यातला कोळस (हिप्सेलोबार्बस कोलस) अंगलटीने महाशीरासारखा वाटतो, पण त्याच्याही पार्श्वरेषेवर 40 च्या आसपास खवले असतात. म्हणजे एवढ्या एका मोजणीत बरेचसे तोतये गळतात.

उरलेल्यांसाठी पाठीवरचा पर बघा. महाशीराच्या या पराच्या पुढच्या कडेला जाड, हाडासारखा टणक काटा असतो आणि त्याची मागची कड गुळगुळीत असते. बोट शेंड्याकडून बुडाकडे हळूच फिरवलं की कळतं. सायप्रिनसचे (कॉमन कार्पचे) खवले मोठे असतात आणि त्यालाही चार मिशा असतात, पण त्याचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि पाठीवरचा पर लांबलचक पसरलेला असतो. त्यात काट्यामागच्या, टोकाकडे दुभंगणाऱ्या काड्या 17 ते 22 भरतात, महाशीरात त्या 9 च्या आसपास. सिस्टोमस सरणा हा लहान महाशीर म्हणून हमखास फसवणारा मासा. त्याच्या पार्श्वरेषेवर 28 ते 34 खवले असतात, म्हणजे आकडा महाशीराच्या अगदी जवळ येतो आणि मिशाही चारच. इथे काट्याची दातेरी कड हीच सोडवणूक करते. गवत्या तर सोपा आहे, त्याला मिशाच नसतात.

शेवटची खूण तोंडाखाली. मासा उलटा धरून खालचा ओठ बघा. टोर गटात, म्हणजे वरचे चारही महाशीर ज्यात येतात त्या गटात, खालच्या ओठामागची खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. निओलिसोचिलस या जवळच्या गटात ती मध्यभागी तुटलेली असते आणि गालावर खरखरीत पुटकुळ्यांच्या रांगा दिसतात. ईशान्य भारतात चॉकलेटी महाशीर म्हणतात तो या दुसऱ्या गटातला. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याची गाठ क्वचितच पडेल, पण ईशान्येतून आलेले फोटो बघताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आता लक्षात घ्या, खवल्यांची मोजणी इथे संपली. खडसात हा आकडा साधारण 25 ते 27, टोर टोरमध्ये 22 ते 27, सोनेरीत 25 ते 28. तिन्ही एकमेकांत गुंतलेले. 26 खवले मोजून कुणी ‘खडसच’ म्हणत असेल तर त्याने चुकीच्या प्रश्नाला बरोबर हत्यार लावलंय. खवले सांगतात की हा महाशीर आहे. कोणता महाशीर, ते डोकं आणि अंगाची उंची सांगते.

डोकं किती, उंची किती

भारतातल्या मुख्य महाशीरांना वेगळं करणारी जुनी आणि अजूनही उपयोगी पडणारी कसोटी म्हणजे डोक्याची लांबी आणि अंगाची उंची यांची तुलना. खडसात ही दोन्ही मापं जवळजवळ सारखी असतात. टोर टोरचं अंग उंच आणि डोकं त्या मानाने आखूड. सोनेरी महाशीराचं, म्हणजे टोर पुटिटोराचं, उलट: डोकं लांब आणि अंग त्यापेक्षा कमी उंच.

मापं घेण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती तशीच पाळली पाहिजे. मासा सपाट, ओल्या पृष्ठभागावर उजव्या कुशीवर ठेवायचा, म्हणजे डावी कूस वर येते. तोंड मिटलेलं हवं. डोक्याची लांबी नाकाडाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या हाडाच्या मागच्या कडेपर्यंत. हाडापुढची मऊ पातळ झालर धरायची नाही, ती धरली की डोकं उगाच काही मिलिमीटरनी वाढतं. अंगाची उंची पाठीवरचा पर जिथे सुरू होतो तिथून सरळ खाली पोटाच्या कडेपर्यंत, पर वगळून. लांबी लिहायची तर नाकाडापासून शेपटीच्या बुडाशी पडणाऱ्या त्याच घडीपर्यंत लिहा. शेपटीच्या टोकापर्यंतचं माप गळकऱ्यांच्या वहीसाठी ठीक आहे, पण शेपटीची टोकं झिजलेली वा तुटलेली असतात, त्यामुळे ओळखीच्या हिशेबात ते चालत नाही.

तिन्ही मापं टेपने घेऊ नका. अंगाच्या गोलाईवर टेप वळते आणि उंची जास्त भरते. व्हर्नियर कॅलिपर किंवा दोन उभ्या फळ्यांमधलं सरळ अंतर वापरा. मग डोक्याच्या लांबीला उंचीने भागा. समजण्यासाठी उदाहरण घेऊ. डोकं 10.6 सेंमी आणि उंची 10.4 सेंमी असेल तर उत्तर 1.02, म्हणजे खडसाकडे कल. डोकं 10 आणि उंची 12 असेल तर 0.83, टोर टोरकडे. डोकं 12 आणि उंची 10 असेल तर 1.2, सोनेरीकडे. हे आकडे दिशा दाखवणारे आहेत, कुंपण घालणारे नाहीत. उत्तर 0.93 आलं तर नाव लिहायची घाई करायची नाही.

कसोटी कुठे फसते तेही माहीत असायला हवं. पिल्लांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून बोटभर पिल्लू मोजलं तर प्रत्येक जात सोनेरीसारखी दिसते. अंड्यांनी भरलेल्या मादीचं पोट खाली उतरतं, उंची वाढते आणि खडस टोर टोरसारखा भासतो. उन्हाळ्यात डोहात अडकून उपाशी राहिलेला मासा याच्या बरोबर उलट फसवतो. त्याचं अंग खंगतं, डोकं तेवढंच राहतं. मेलेल्या माशाचं पोट फुगलेलं असेल तर उंचीचं माप सरळ सोडून द्यावं. एकाच मापावर भिस्त न ठेवता त्याच ठिकाणचे चारपाच प्रौढ मासे मोजले की चित्र स्पष्ट होतं, कारण उपास आणि अंडी सगळ्यांच्या बाबतीत एकदम नसतात.

वशिंडाच्या महाशीराला मात्र या भागाकाराची गरज कमी पडते. प्रौढ माशाच्या डोक्यामागून पाठीवरच्या परापर्यंत स्पष्ट उंचवटा चढत जातो आणि शेपटीसह पर केशरी झाक घेतात. त्याच कावेरीत सोडलेल्या खडसाचे पर निळसर करडे असतात, म्हणून गळकरी त्याला निळ्या परांचा महाशीर म्हणतात. तरीही लहान वयात वशिंड दिसत नाही, त्यामुळे कावेरीतल्या पिल्लांवरून निष्कर्ष काढू नयेत.

रंग आणि ओठ का फसवतात

महाशीराचा रंग पाण्याप्रमाणे बदलतो. गढूळ पाण्यात तो फिका, राखाडी होतो. स्वच्छ, खोल, दगडी तळाच्या डोहात पाठ काळपट आणि कुशीचे खवले पितळी दिसतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढलेल्या फोटोत खडसही सोन्यासारखा झळकतो आणि मग त्याखाली ‘गोल्डन महाशीर’ लिहिलं जातं. मासा मेल्यावर तासाभरात रंग पार उतरतो. म्हणून रंगाची नोंद जरूर करा, जिवंत असताना आणि कशा पाण्यात ते लिहून करा, पण निकाल त्यावर देऊ नका. परांचा रंग अंगाच्या रंगापेक्षा थोडा अधिक विश्वासाचा, तोही प्रौढ माशात.

ओठांचं तर आणखी गुंतागुंतीचं आहे. काही महाशीरांचे ओठ इतके वाढतात की खालच्या ओठाचा मधला भाग हनुवटीवर लोंबतो आणि वरचा नाकाडावर चढतो. जुन्या काळी अशा माशांना वेगळ्या जाती म्हणून नावं दिली गेली होती. प्रत्यक्षात एकाच डोहात, एकाच जातीत साधे ओठ आणि लोंबते ओठ दोन्ही सापडतात. लोंबणाऱ्या ओठावरून जात ठरवणं म्हणजे मिशांवरून आडनाव ओळखणं.

नदीचा पुरावा, आणि तो कसा कच्चा झाला

एके काळी सगळ्यात भक्कम पुरावा नदी हाच होता. खडस कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यात: भीमा, इंद्रायणी, नीरा, कोयना आणि त्यांच्या उपनद्या. सह्याद्रीच्या पश्चिमेलाही तो आहे. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड हा त्याचा प्रसिद्ध, श्रद्धेने राखलेला डोह. देहूच्या इंद्रायणीतले देवाचे मासेही हेच. टोर टोर नर्मदा, तापी आणि गंगेच्या उपनद्यांमध्ये, म्हणून महाराष्ट्रात त्याची अपेक्षा नंदुरबार, धुळे, जळगावकडे ठेवायची. मध्य प्रदेशाने महाशीराला राज्यमासा केलं ते नर्मदेतल्या याच माशासाठी. सोनेरी महाशीर हिमालयातून उतरणाऱ्या सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, आणि तोही आययूसीएनच्या ‘संकटग्रस्त’ यादीत आहे. वशिंडाचा फक्त कावेरीच्या खोऱ्यात.

कागदावर हे इतकं स्वच्छ आहे. पण बीज सोडणं सुरू झाल्यावर हा पुरावा कच्चा झाला. लोणावळ्यात टाटांच्या वळवण तलावाकाठच्या बीजकेंद्राने, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या कामातून, महाशीराचं कृत्रिम प्रजनन जमवलं. धरणांमुळे विणीच्या वाटा बंद झालेल्या माशासाठी हे मोठं काम होतं, आणि तिथली पिल्लं अनेक राज्यांत गेली. खडस आणि टोर टोर यांच्या संकराचे प्रयोगही झाले. परिणाम असा की आज एखाद्या धरणात महाशीर मिळाला तर तो त्या नदीचा मूळ रहिवासी आहे की पिशवीतून आलेल्या बीजाचा वंशज, हे नदीच्या नावावरून सांगता येत नाही. म्हणून आधी माप घ्या आणि मग ते नदीशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर नाव लिहा. जुळले नाहीत तर तीच सगळ्यात मोलाची नोंद आहे, ती ‘काहीतरी चुकलं असेल’ म्हणून दाबू नका.

इथेच एक जुना गोंधळ सोडवून ठेवायला हवा, कारण जुने अहवाल वाचणारा प्रत्येक जण त्यात अडकतो. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं. खडसाचं त्यांचं वर्णन पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून आहे. त्याच कामात त्यांनी शिरूरजवळच्या घोड नदीतला ‘मुसुल्ला’ नावाचा आणखी एक मासा नोंदवला. मोठ्या मुसुल्लाच्याही पाठीला उंचवटा येतो. पुढे कावेरीच्या वशिंडाच्या महाशीराला तेच नाव चिकटलं आणि अनेक वर्षांच्या सरकारी, निमसरकारी कागदांत ‘टोर मुसुल्ला’ असंच छापत राहिलं. 2013 मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की साइक्स यांचा मुसुल्ला मुळात टोर गटातलाच नाही, तो कोळसाच्या गटातला, हिप्सेलोबार्बस. तेव्हा जुन्या कागदात ‘टोर मुसुल्ला’ दिसलं तर थांबा आणि नदी बघा. कावेरी असेल तर बहुधा टोर रेमादेवी अभिप्रेत आहे. कृष्णा खोरं असेल तर हिप्सेलोबार्बस असू शकतो किंवा उंच पाठीचा खडसही. मापं दिलेली नसतील तर अशी नोंद जातीच्या यादीत धरू नये, नुसती ‘महाशीरासारखा मासा’ म्हणून ठेवावी.

बीज सोडणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं

मत्स्यसहकारी संस्था, धरणावरचे ठेकेदार आणि संवर्धनाच्या हेतूने पिल्लं सोडणारे गट यांच्यावर या सगळ्याचा थेट भार आहे. पिल्लांवरून जात ओळखता येत नाही, हे वर आलंच. म्हणून बोटुकली हातात आल्यावर तपासून उपयोग नाही, पैदाशीचे नर-मादी कोणत्या नदीतले होते ते लेखी मागा. उत्तर ‘महाशीर’ एवढंच मिळालं तर बीज घेऊ नका. नर्मदा-तापीच्या खोऱ्यात खडस सोडू नका, कृष्णेत टोर टोर सोडू नका, आणि कावेरीच्या खोऱ्यात बाहेरचा कुठलाच महाशीर सोडू नका. एकदा रुजलेला मासा नदीतून परत काढता येत नाही. संकर झाला तर दोन्ही जातींची शुद्ध पैदास हळूहळू विरत जाते, आणि मग वर सांगितलेली डोकं-उंचीची कसोटीही अर्थहीन होते, कारण संकराची मापं मधलीच येतात.

नोंद कशी ठेवावी

गळाला लागलेला वा जाळ्यात आलेला मासा जिवंत सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे तिथे बुरशी लागते. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका, मोठा मासा शेपटीला धरून उभा टांगू नका. मोजपट्टी, कॅलिपर, कॅमेरा आधी तयार ठेवा आणि मगच मासा पाण्याबाहेर काढा.

फोटो चार पुरतात. पहिला डाव्या कुशीचा, कॅमेरा माशाच्या मधोमध आणि काटकोनात, शेजारी मोजपट्टी. मासा कॅमेऱ्याकडे पुढे धरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं दिसतं आणि त्यावरून काढलेलं प्रमाण निरुपयोगी असतं. दुसरा डोक्याचा, बाजूने. तिसरा तोंडाचा खालून, ओठामागची खाच दिसेल असा. चौथा पाठीवरचा पर उघडून, काटा दिसेल असा.

जात खरोखरच महत्त्वाची असेल, म्हणजे नव्या नदीतली नोंद असेल किंवा मापं गोंधळात टाकत असतील, तर शेपटीच्या पराच्या कडेचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापून 95 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. मासा त्याने दगावत नाही, पर भरून येतो. फॉर्मॅलिन वापरू नका, त्यात डीएनए खराब होतो आणि तपासणी अडते. दर तुकड्यासाठी कात्री पुसून, अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या, नाहीतर एका माशाचं मटेरियल दुसऱ्याच्या बाटलीत जातं. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर नदी, जवळचं गाव, तारीख, तिन्ही मापं आणि पार्श्वरेषेवरचे खवले. जातीच्या रकान्यात खात्री नसेल तर ‘टोर, जात अनिश्चित’ असं लिहा.